मरून पट्टे

दारावरची बेल वाजली आणि लोकरकाकूंच्या सुईवरून एक टाका निसटला. संध्याकाळी येतो म्हणालेले मुलगा-सून भर दुपारीच टपकले होते.

काकूंनी निसटलेला टाका अंगठ्याने चाचपून शोधला, सुईवर चढवला आणि मगच उठल्या. आज टाका चुकून चालणार नव्हतं. आज काहीच चुकून चालणार नव्हतं.

गेल्या वर्षभरात काकूंची नजर जवळजवळ गेली होती. उजेड-अंधार कळायचा, समोर कुणी उभं आहे एवढं कळायचं. चेहरा आणि रंग मात्र नाही. त्यांच्या वडिलांचे डोळेही असेच गेले होते, त्यामुळे पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. मुलाला पत्ता लागला असता तर त्याने दुसऱ्याच दिवशी त्यांना सामानासकट उचलून आपल्या घरी नेलं असतं. ते घर मोठं होतं, सून गुणाची होती, पण तिथली एकही भिंत काकूंच्या हाताला ओळखीची नव्हती. इथे निदान आपला चहा आपल्याला करता येत होता. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणून तर हा स्वेटर. "करड्यावर मरून पट्टे घालतेय तुझ्यासाठी," असं त्यांनी मुलाला फोनवर मुद्दाम सांगून ठेवलं होतं. पट्ट्यांचा स्वेटर विणणाऱ्या बाईच्या डोळ्यांवर कोण कशाला शंका घेईल? उलटे-सुलटे टाके बोटांना पाठ होते. करडी लोकर पिशवीत ठेवायची आणि मरून डब्यात, म्हणजे गल्लत नको. लोकरवाल्याच्या दुकानात मरून वर्षानुवर्षं खालच्या फळीवर, उजव्या टोकाला असायचा. तिथूनच त्यांनी गुंडे उचलले होते. "रंग नीट बघून घ्या हं काकू, मागाहून बदलून मिळणार नाही," दुकानदार म्हणाला, तेव्हा गुंडा दाराच्या उजेडात धरून, मान तिरकी करून, त्या "हाच, हाच" म्हणाल्या होत्या. नाटक झकास वठलं होतं.

मुलगा आत आला आणि दाराजवळच्या स्टुलावर धाडकन आदळला.

"तू अजून तसाच धसमुसळा," काकू हसल्या. "आणि टॅक्सीवाल्याला कोपऱ्यावर थांब म्हणताना ऐकलं मी. गाडी कुठे गेली?"

"विकली. पार्किंग मिळत नाही आई, डोक्याला ताप नुसता."

काकूंनी चहा केला. कपबश्या, साखर, गाळणं, सगळं हाताला बरोबर सापडलं.

"धरा नीट, गरम आहे," सून नवऱ्याला म्हणाली. इतकी वर्षं झाली तरी लाड संपले नाहीत, काकू मनात म्हणाल्या आणि पुन्हा विणायला बसल्या. विणणाऱ्या माणसाने समोर पाहिलं नाही तरी कुणाला राग येत नाही. गळ्याची पट्टी तेवढी राहिली होती. सून अखंड बोलत होती, काकू हं हं करत होत्या, आणि त्यांचा सारा जीव कानांत गोळा झाला होता.

"आई, एक सांगायचं होतं," मुलगा मध्येच म्हणाला.

काकूंच्या सुया थबकल्या. कळलं याला. न्यायलाच आलाय हा.

"आधी हा अंगात घाल, मग काय ते सांग." त्यांनी भराभर शेवटचे टाके बंद केले, धागा तोडून टोक आत दडवलं आणि स्वेटर पुढे केला.

मुलाने तो घातला. सुनेची बडबड एकदम थांबली.

काहीतरी चुकलंय. बाही आखूड झाली? टाका सुटला? "कसा झालाय रे?"

मुलगा छातीवरून सावकाश हात फिरवत होता. लोकरीची खसखस ऐकू येत होती. "झकास! आणि मरून पट्टे काय उठून दिसतात गं करड्यावर!"

काकूंचा जीव भांड्यात पडला. "तुला गं? आवडला का?"

"छान आहे, आई," सून म्हणाली. आवाज सर्दी झाल्यासारखा चोंदलेला होता.

"हं, तर तुझं ते सांगायचं पुढच्या खेपेला हो," काकूंनी घाईने विषय मोडला. "टॅक्सी थांबवलीय ना कोपऱ्यावर? तो खोळंबला असेल."

मुलाचा हात पुन्हा एकदा लोकरीवरून खसखसला. मग म्हणाला, "हो. पुढच्या खेपेला." त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं, निदान काकूंना तसं वाटलं. निघताना सुनेने त्यांचा हात बराच वेळ घट्ट धरून ठेवला.

दार लोटून काकू टेकतात न टेकतात तोच शेजारीण आली. महिनाभर लेकीकडे राहून ती कालच परतली होती.

"गेले का? मला भेटायचं होतं हो." ती खिडकीशी गेली. "हे काय, अजून फाटकातच आहेत."

"स्वेटर दिसतोय का गं?" काकूंनी ऐटीत विचारलं.

"न दिसायला काय झालं! असला भडक पोपटी! काकू, पट्टे घातलेत की सिग्नल लावलाय?"

"मरून आहेत ते."

"मरून? इतकाही रंग कळत नाही का मला?"

काकू गार पडल्या. फळ्या बदलल्या होत्या मेल्या लोकरवाल्याने. आणि मुलाने ते पाहिलं होतं, आईचं मन राखायला मरून म्हणाला होता. म्हणून सून गप्प झाली, म्हणून हात धरून ठेवला. पितळ उघडं पडलं होतं. आता पुढच्या खेपेला येईल तो काकूंची बॅग भरायलाच येईल. त्यांनी खुर्चीचा हात आवळून धरला, जणू आत्ताच कुणी ती ओढून नेणार होतं.

"आणि काय करतायत गं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

शेजारीण खिडकीतून आणखी वाकली.

"काकू," तिचा आवाज उतरला होता, "सूनबाई रडतायत हो. आणि तुमच्या मुलाने पिशवीतून घडीची पांढरी काठी काढलीय... रस्ता चाचपत चाललाय तो."