भिजत घातलेली चवळी

"ज्याच्या चवळीला आधी शेंग, तो जिंकला. हरेल त्यानं भर चौकात तीनदा गाढवासारखं ओरडायचं," दिगूनं पैज लावली आणि शेजारच्या सगुणाआत्यांनी ती हसत हसत घेतली. त्यांचं बी गावरान, दिगूचं बाजारातलं.

पेरायच्या आदल्या दिवशी आत्यांनी बी वाटीत भिजत घालून मधल्या भिंतीवर ठेवलं. जित्याची खोड, दिगूला राहवलं नाही. चहासाठी ठेवलेलं उकळतं पाणी त्यानं हळूच त्या वाटीत ओतलं. फार तर काय, म्हातारी दुसरं बी पेरील.

दिगूचा वेल शेंगांनी लगडला. आत्यांच्या आळ्यात एक कोंब दिसेना, तरी त्या रोज पाणी घालत राहिल्या.

शेवटी ठरल्याप्रमाणे आत्या पदर खोचून चौकात आल्या. गल्ली जमलीच होती.

"आईनं दिलेलं बी होतं रे. चाळीस वर्षं राखलं. यंदा डब्यात तेवढंच मूठभर उरलं होतं. माझाच हात वाईट, दुसरं काय," म्हणत त्यांनी ओरडायला तोंड उघडलं.

"थांबा आत्या," म्हणत दिगू पुढं झाला आणि तीनदा गाढवासारखा ओरडला. गल्ली पोट धरून हसली. मग त्यानं उकळत्या पाण्याचं सांगितलं, तेव्हा कुणी हसेना.

आत्यांनी खोचलेला पदर सोडला.

"अजून एकदा ओरड, मेल्या," त्या म्हणाल्या. "हे माझ्या आईच्या नावानं."

दिगूनं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.