हळदीचा ठोका

दादाच्या हळदीसाठी गाणं करायचं होतं. वाद्यांचे आवाज काढणारं, फुकटात मिळालेलं सिंथेसायझरचं प्लगिन लॅपटॉपवर बसवून मी माईक तपासत होते, तेवढ्यात शेजारच्या खोलीत बाबांनी आईचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. मी धावले, मध्ये पडले. माझा ओठ फुटला.

परत आले तर माईक चालूच, आणि कपाटावर आपटल्याचा तो आवाज लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड झालेला. पुसणार होते, पण डोकंच फिरलं. प्लगिनमधला ढोल तसाही पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता. त्याच्या जागी मी कपाटाचा हा ठोका बसवला, जाड केला. छाती हादरेल असा ढोल झाला. म्हटलं, ऐकू दे आता सगळ्या गावाला.

हळदीत डीजेनं तेच गाणं लावलं. बाबा बेभान नाचत सुटले. "आवाज वाढव रे! माझ्या पोरीनं बनवलंय!" मी मनात म्हटलं, नाचा बाबा, तुमच्याच मारावर नाचा.

आवाज वाढला आणि माझं लक्ष आईकडे गेलं. तिच्या हातातलं हळदीचं ताट खाली पडलं होतं. दोन्ही हातांनी डोकं झाकून ती भिंतीला चिकटली होती आणि माझ्या ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला दचकत होती.