मासे कुठे गेले?

"मासे कुठे गेले?" भाची एवढ्या मोठ्याने ओरडली, की खुर्चीतल्या बसड्रायव्हरने भिंतीवरचा तक्ता सोडून तिच्याकडे पाहिलं.

चष्म्याच्या दुकानात मासे असायचं काही कारण नव्हतं. मावशी ड्रायव्हरच्या नाकावरच्या तपासणीच्या जड, गोल चौकटीत भिंगं बदलत होती. "तुम्ही समोर बघा," ती म्हणाली. "आणि खालची ओळ तुम्हाला दिसत नाहीये, पाठ आहे. वरची वाचा."

भाचीचा मोबाइल काउंटरवर उभा होता. त्यात एक कोवळा पोरगा बोलत होता. पाच कोरियन गायकांच्या के-पॉप गटातला सगळ्यात लहान, म्हणून भाचीच्या मैत्रिणींत त्याचं नाव धाकटा. मागच्या आठवड्यात भर कार्यक्रमात त्याचा आवाज चिरकला आणि तेव्हापासून लोक हात धुऊन त्याच्या मागे लागले होते. आज तो आपल्या घरातून लाइव्ह आला होता, एकटाच. पाठीमागे नेहमीची काचेची टाकी होती. दिवा चालू होता, बुडबुडे चालू होते. मासे तेवढे नव्हते.

भाचीने तोच प्रश्न त्याला लिहून पाठवला. बहुतेक तिच्यासारख्या हजारोंनी पाठवला असावा, कारण तो हसला आणि काहीतरी म्हणाला. त्याची भाषा ती गाणी ऐकून ऐकून शिकली होती. ती मोबाइलवर आणखी वाकली.

"काय म्हणाला?" मावशीने विचारलं.

"चांगल्या घरी दिले, म्हणतोय."

"मग बरंच झालं की."

"मावशी, जीव आहे त्याचा त्या माशांवर. दौऱ्यावर गेला तरी रोज कॅमेऱ्यातून बघायचा त्यांना. आणि आज सारखे आभार मानतोय. सगळ्यांचे. बालवाडीतल्या बाईंचेसुद्धा." ती मावशीकडे वळली. "हा स्वतःचं काहीतरी बरंवाईट करून घेणार आहे गं."

मावशीचा हात भिंगांच्या पेटीवरच थांबला.

त्याच्या शहरातल्या चाहत्यांनाही तेच वाटलं होतं. चाहत्यांच्या ग्रुपवर त्यांचा निरोप आला. कंपनीला फोन केलाय, त्याच्या घराकडे माणूस निघालाय, दाराची बेल वाजेपर्यंत याला उठू देऊ नका.

उठू देऊ नका म्हणजे काय करा? चाहत्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. 'नाटकं बंद कर' असं कोणी लिहिलं की त्यावर प्रेमाच्या लाल बदामांचा ढीग पडायचा, शिवी त्याच्या नजरेला पडायच्या आत वाहून जायची. आम्ही तुझ्यासोबत आहोत. आमचं तुझ्यावर प्रेम आहे. भाचीनेही तेच लिहिलं. धाकट्याने वाचलं, डोळे पुसले.

"तुम्ही मला खूप दिलंत," तो म्हणाला. "आता मला काही नको." आणि मान लववून तो खुर्चीतून उठायला लागला.

"अगं, हे तर आपणच त्याला निरोप देतोय!" भाचीला रडू फुटलं.

"प्रेम नको सांगूस," मावशी तिच्याजवळ येऊन म्हणाली. "काहीतरी विचार त्याला. हे की ते, असं विचार. 'हे भिंग बरं की ते' विचारत असले की माझ्या खुर्चीतून मधेच कोणी उठतं का?"

भाचीने लिहिलं, 'जास्त खादाड कोण? लाल मासा की काळा?'

अर्धवट उठलेला धाकटा थांबला. "काळा," तो म्हणाला. आणि बसला.

तिने ग्रुपवर ओरडून सांगावं तसं लिहिलं. बदाम बंद करा, प्रश्न विचारा. मग प्रश्नांची झोड उठली. काळा लालचं खायचा का? केस निळे करणार की असेच ठेवणार? उशी एक लागते की दोन? जेवलास का?

"हो," तो हसून म्हणाला. "पोटभर."

भाचीला ते हसू बघवेना. बेल काही वाजत नव्हती, आणि तिला आता पुढचं सुचेना.

"गाडी चालवता येते का, विचार," ड्रायव्हर म्हणाला. नाकावरच्या चौकटीसकट तोही काउंटरपाशी येऊन उभा होता.

येत नव्हती. गटातला थोरला शिकवायचा, पण तो फार ओरडतो, असं धाकटा म्हणाला. हे म्हणताना त्याचा आवाज जरा हलका झाला. तेवढ्यात एक शिवी निसटून वर आली आणि ती त्याने वाचली. त्याचा चेहराच विझला.

"बास आता," तो म्हणाला. लाइव्ह बंद करायला त्याने हात पुढे केला. बोट मोठं मोठं होत गेलं, पडदा त्याने भरून गेला. मावशीने भाचीचा दंड घट्ट धरला.

बेल वाजली.

बोट मागे गेलं. पुन्हा बेल वाजली, मग दारावर थापा. तो उठून गेला आणि पडद्यावर राहिली ती रिकामी खुर्ची, रिकामी टाकी. प्रश्न एकदम थांबले. दुकानात तिघंही मोबाइलवर वाकली. कडी निघाल्याचा आवाज आला. मग धापा टाकणारा एक पुरुषी आवाज.

"थोरला आहे," भाची कुजबुजली. "थोरला स्वतः आलाय."

"काय म्हणतोय?"

"जेवलास का, विचारतोय."

टाकीत बुडबुडे वर येत होते. मग धाकट्याचा अगदी हळू आवाज आला.

"मग? हा काय म्हणाला?" मावशीने विचारलं.

भाचीने ओढणीने तोंड पुसलं.

"नाही म्हणाला."