नाळेचं झाड

"इथे माझी नाळ पुरली आहे," ग्लेनरॉय मुलीला म्हणाला आणि त्याने नीरफणसाच्या बुंध्यावर थाप मारली.

"कुणाची?" बुंध्यापलीकडून आवाज आला.

पलीकडे त्याची चुलत बहीण मर्लीन नातवाचा हात धरून उभी होती. तिचा दुसरा हात बुंध्यावर होता. थाप नुकतीच मारून झालेली.

"माझी," ग्लेनरॉय म्हणाला.

"चल, काहीतरीच! हे माझं झाड. आयसिल्डा आत्याने स्वतः सांगितलंय. सात वर्षांची होते मी, उन्हाळ्याच्या सुट्टीत आले होते. कुणाला बोलू नकोस म्हणाली, नाहीतर फळं गळतील."

ग्लेनरॉयचा हात बुंध्यावरून खाली आला. त्यालाही आत्याने हेच सांगितलं होतं. त्याच वयात, त्याच शब्दांत.

सेंट मेरीच्या या डोंगरात नाळ ज्या झाडाखाली पुरतात ते झाड त्या पोराचं. माणूस जगात कुठेही जावो, झाड त्याला सुट्टीला ओढून आणतंच. ग्लेनरॉय जन्मला किंग्स्टनच्या सरकारी इस्पितळात. उन्हाळ्यात गावी आला की पोरं त्याला 'शहरी कोंबडी' म्हणत आणि नदीच्या डोहात उतरू देत नसत. आत्याने झाड दाखवलं त्या दिवशी तो छाती फुगवून डोहात उतरला, दोनदा बुडता बुडता वाचला, पण उतरला. पुढे टोरंटोत बस चालवताना एखादा उतारू 'जिथून आलास तिथे परत जा' असं म्हणाला, तर ग्लेनरॉयला राग येत नसे. त्याच्यापाशी पत्ता होता.

इस्पितळातली नाळ डोंगरावर कशी चढली, हा प्रश्न त्याला चाळीस वर्षांत पडला नव्हता. मर्लीनलाही नाही, आणि ती तर बर्मिंगहॅमला सुईण होती.

"सरका जरा," मागून त्यांचा चुलत भाऊ बर्चेल आला. खांद्यावर फळं पाडायची लांब आकडी. "माझ्या झाडाचे दोन पाडतो. आत्याच्या वाढदिवसाला भाजू."

"घ्या!" मर्लीन म्हणाली. "आणखी एक मालक."

घर लहान म्हणून आत्या दर उन्हाळ्यात प्रत्येकाला वेगवेगळ्या पंधरवड्यात बोलवायची. निदान कारण तरी ते सांगायची. यंदा मात्र तिघं तिला न विचारता पोराबाळांसकट एकदम येऊन धडकले होते.

आत्या ओसरीत नारळ किसत बसली होती. तिघं एका रांगेत समोर उभे राहिले. आंबे चोरताना सापडलेली पोरं राहतात तसेच.

"झाड कुणाचं, आत्या?"

आत्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "एकदम यायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"झाड कुणाचं?"

"मोठं आहे की. भांडायला काय झालं?"

"आत्या, माझी नाळ तिथे आहे का नाही?" ग्लेनरॉयचा आवाज सात वर्षांचा झाला होता.

आत्याने किसणी बाजूला ठेवली. "इस्पितळवाले देत नव्हते रे. तुझ्या आईला मी बजावून पाठवलं होतं, घेऊनच ये म्हणून. ती नुसतं तुलाच घेऊन आली. या दोघांचंही तेच."

"म्हणजे तिथे काहीच नाही?"

"नाही कसं? खड्डे आहेत. प्रत्येकाचा वेगळा खणलाय, गुडघाभर. उगाच नावं ठेवू नका."

बर्चेल पायरीवर बसला आणि पोट धरून हसू लागला. मर्लीन हसता हसता डोळे पुसू लागली. ग्लेनरॉयला हसू येईना. आयुष्यभर चालवलेली बस भलत्याच थांब्यावर आणून उभी केली आहे, असं त्याला वाटत होतं. आणि आत सगळे उतारू बसलेले.

"निदान तुझी तरी आहे ना तिथे?"

"माझी? माझी क्यूबात. बाबा तिकडे ऊस तोडायला होते ना, मळ्यातच जन्मले मी. इथे आणलं तेव्हा सहा वर्षांची होते. रोज रडायचे, घरी चला म्हणून. शेवटी माझी आत्या वैतागली, आणि हाताला धरून मला त्या झाडाखाली घेऊन गेली." आत्याने किसणी पुन्हा पुढे ओढली. "त्यानंतर मला कधी किंग्स्टनलासुद्धा जावंसं वाटलं नाही."

 नारळ तेवढा किसला जात होता.

ग्लेनरॉयची मुलगी कायला खांबाला टेकून सगळं ऐकत होती. पहिल्यांदाच आली होती. आल्यापासून डासांचे चावे मोजत होती आणि घरी कधी जायचं ते विचारत होती. आता तिने बापाची बाही ओढली.

"बाबा, मग माझा खड्डा कुठेय?"

ग्लेनरॉयने आत्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" आत्या म्हणाली. "कुदळ खुराड्यामागे आहे. आणि जरा खोल खण. टोरंटो लांब आहे."