एकेचाळिसावा दिवस

"पुन्हा सांगू? पहिल्यापासून?" बाउरो आजोबांनी विचारलं.

"पहिल्यापासून," मेरे म्हणाली.

ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला तिच्या कॅमेऱ्यात नुसता वारा घोंघावला होता. दुसऱ्या खेपेला आवाज नीट आला, पण आजोबांपेक्षा तीच जास्त बोलली, आणि वर मागे डुक्कर केकाटलं. आता मेरेबाई शहाण्या झाल्या होत्या. माइकवर जुना मोजा चढवला होता, डुक्कर शेजाऱ्याच्या अंगणात बांधलं होतं आणि प्रश्न चार शब्दांचा ठेवला होता.

आजोबा सांगू लागले. अडतीस वर्षांपूर्वी ते आणि थोरला भाऊ काइतू मासेमारीला गेले. इंजिन बंद पडलं, प्रवाहानं होडी उत्तरेला ओढून नेली. पावसाचं पाणी पुरवून पुरवून प्यायले. एकेचाळिसाव्या दिवशी काइतूनं शेवटचा घोट धाकट्याला पाजला आणि त्याच्याच मांडीवर प्राण सोडला. आजोबांनी प्रार्थना म्हणून त्याला समुद्राच्या स्वाधीन केलं. पुढे अठरा दिवसांनी एका जहाजानं त्यांना एकट्यालाच उचललं.

बेटावर शेंबड्या पोरालाही हे पाठ होतं. दरवर्षी मानेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, काइतूसाठी सगळा गाव हात जोडून बसायचा. रिवाजाप्रमाणे आजोबांनी भावाच्या विधवेला, रूताला, घरात घेतलं आणि तिला काही कमी पडू दिलं नाही. आत्ताही ती शेजारीच केवड्याच्या पातीची चटई विणत बसली होती.

फिल्म पाहून तिला शिकवणारे इओआने मास्तर जांभई देत म्हणाले, "तुझा म्हातारा पोपट आहे गं. भाऊ मेल्याचं सांगतोय की मासळीचा भाव?"

"असंच सांगतात ते, सर."

"मग तू कशाला आहेस? डोळ्यांत पाणी दिसलं पाहिजे. शुक्रवारपर्यंत आण, नाहीतर सुवाच्या फिल्म कॉलेजात दुसरं कुणी जाईल शिकायला."

सुवाला जाणारी जागा एकच होती. मेरेच्या आईनं तर पोरगी निघालीच म्हणून अर्ध्या बेटाला सांगून टाकलं होतं.

आमच्याकडे वाहून गेलेली माणसं परत येतात. कुणी महिन्यांनी येतं, कुणी नावाचं जेवण घालून झाल्यावर दारात उभं राहतं. मेले समजून पाण्यात सोडलेले, परक्या बेटावर संसार थाटून बसलेलेही निघालेत. त्यामुळे अशी बातमी आली की इथे कुणी शंका काढत नाही. मेरेला हे ठाऊक होतं. आणि खोटं बोलावं तर रेटून बोलावं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गुरुवारी दुपारी तिनं कॅमेरा लावला. लाल दिवा लागला.

"आजोबा, मार्शल बेटांवरून निरोप आलाय. तिथे एक म्हातारा आहे. आपली भाषा बोलतो. नाव काइतू सांगतो."

रूताच्या हातातली चटई खाली पडली. तिनं तोंडावर हात धरला. मग ती हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली.

"जिवंत आहे? माझा काइतू? पोरी, विमान कधी आहे गं? मी अशी म्हातारी, ओळखेल का तो मला? बाउरो, ऐकलंस का? अरे, तुझा भाऊ!"

मेरेनं कॅमेरा हळूच तिच्याकडे वळवला. गालांवरून ओघळणारं पाणी भिंगात लख्ख दिसत होतं. दहापर्यंत आकडे मोजायचे आणि मग खरं सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. तिला स्वतःची लाज वाटत होती. पण कॅमेरा तिनं बंद केला नाही.

सहा. सात.

आजोबांच्या डोळ्यांत मात्र टिपूसही नव्हतं. कॅमेरा पुन्हा त्यांच्याकडे फिरला.

"बोलता येतं त्याला?" त्यांनी विचारलं.

"हो. सगळं आठवतं म्हणे."

"सगळं?"

"सगळं, आजोबा."

त्यांनी रूताकडे पाहिलं नाही. मांडीवरचा हात उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

"मग तिसऱ्याच दिवशी मी त्याला होडीतून ढकललं, हेही सांगितलं असेल त्यानं."