पूर्ण वाक्य

"एका शब्दात उत्तर नको रे," भावनाने सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं. "फिल्ममधून माझे प्रश्न कापले जाणार. नुसतं 'हो' ऐकून लोकांना काय कळणार? कोण, कुठे, काय, सगळं एका वाक्यात यायला हवं."

समलिंगी लेखकांवरच्या तिच्या माहितीपटातला विनीत हा शेवटचा. कॅम्प तीन नावाच्या वस्तीतल्या घरच्या जीन्सच्या कारखान्यात तो कापड कापायचा आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहायचा. "घरी मारतात का?" या प्रश्नावर त्याने पुन्हा नुसतं "हं" केलं.

"काय मॅडम, कसला मार?" थोरला भाऊ महेंद्र हसत कॅमेऱ्यासमोर आला. "लाडका आहे आमचा. चल रे, दोन मिनिटं आत ये."

आतल्या खोलीला कडी लागली आणि चारही शिलाई मशिनांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या. बाहेर दुसरं काही ऐकू येईना. पण विनीतच्या कॉलरचा माइक काढायचा राहिला होता. भावनाच्या हेडफोनमध्ये फटका, किंकाळी, पुन्हा फटका, सगळं स्वच्छ येत होतं. रेकॉर्डर खांद्याला तसाच ठेवून ती धावली आणि दार बडवू लागली.

तेवढ्यात हेडफोनमध्ये विनीत बोलला. तोंडात रक्त साचल्यासारखा आवाज, पण एकेक शब्द सुटा.

"महेंद्र, माझा सख्खा भाऊ, आमच्या कारखान्याच्या आतल्या खोलीत मला लोखंडी पट्टीने मारतोय."