इंजिन खोलायचं नाही

"खोलायला लागेल," झेनॉन म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ईस्टर एक दिवस आधीच उजाडला.

शेडमध्ये क्वाड उभी होती. चार जाड चाकांची, टू-स्ट्रोक इंजिनाची ही गाडी हिवाळाभर तिथेच ताडपत्रीखाली होती. आज ताडपत्री काढून पुढे ढकलली, तर खाली ऑइलचं ताटाएवढं थारोळं. किंगा सात महिन्यांच्या हेल्काला कडेवर घेऊन दारात उभी होती. सासऱ्यांच्या हातात पाना आधीच आला होता.

डोंगरातलं बर्फ वितळलं होतं. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत नुसता चिखल. सासूबाई सणाच्या खाण्याची टोपली आशीर्वादाला घेऊन रबरी बुटांनीच चर्चला चालत गेल्या होत्या. मोटार तिकडे डांबराच्या काठाला लावलेली, आणि तिथवर पोरीला घेऊन जायला ही क्वाड एवढाच आधार. हेल्काला मधूनच खोकल्याची उबळ यायची, श्वास कोंडायचा. डॉक्टर डांबराच्या पलीकडे. आणि सासऱ्यांनी एकदा खोललेली वस्तू पुन्हा कधी जोडली जायची नाही. पाण्याच्या पंपाचे भाग गेल्या उन्हाळ्यापासून खिडकीत, कुंड्यांच्या मधे मांडलेले होते.

"बाबा, उद्या ईस्टर, परवाही सण. तुम्ही पान्याला हात लावणार नाही. म्हणजे इंजिन तसंच उघडं पडणार."

"पडू दे की. कुठं पळून जातंय?"

"तेच म्हणतेय मी. ते पळायला हवं."

तिचा नवरा बार्टोश गाडीखाली टॉर्च घालून पालथा पडला होता. "क्रँकचं सील गेलंय बहुतेक," तो खालूनच म्हणाला. "थेंब बरोबर तिथेच लोंबतोय."

"बहुतेक कशाला? गेलंयच! ते बदलायचं तर इंजिनाच्या दोन फाका." झेनॉन हे अशा सुरात म्हणाले, की ऐकणाऱ्याला वाटावं कलिंगड आणलंय.

"ओलं दिसतं तिथूनच गळतं, असं कुणी सांगितलं?" किंगाने विचारलं.

"पोरी, तू भूगोल शिकलीस."

"भूगोल शिकले, पण हल्ली दिवसरात्र गळतीच बघते. ही डाव्या कुशीवर झोपली की डायपर डाव्या मांडीतून गळतो आणि भिजते पाठ. तुमच्या हातात पाना असता तर तुम्ही पाठ खोलली असती."

बार्टोश हसला आणि त्याचं डोकं गाडीच्या तळाला खाण्णकन आपटलं.

तो बाहेर आल्यावर किंगाने पोर त्याच्याकडे दिली, घरात गेली आणि पावडरचा डबा घेऊन आली. बाप्तिस्म्याला सासूबाईंनी दिलेला. तिने तो फोडलाच नव्हता. पावडर बाळाच्या छातीत जाते, असं तिने वाचलं होतं. आता मात्र तिने फर्मान सोडलं. गाडी अंगणात घ्यायची. इंजिन पेट्रोलच्या फडक्याने लख्ख पुसायचं. बार्टोशने हेल्काला घेऊन विहिरीपाशी थांबायचं. मग तिने बोट ओलं करून वारा बघितला आणि त्याला सफरचंदाच्या झाडापर्यंत मागे हटवलं.

नंतर तिने टाकी, नळ्या, इंजिन, सगळ्यावर पावडर भुरभुरली. एक खाच सोडली नाही.

"आता टोपडं घाल तिला," झेनॉन म्हणाले.

"चालू करा, बाबा."

गाडी खोकली, शिंकली आणि सुरू झाली. निळ्या धुराचा लोट उठला, कोंबड्या कलकलाट करत पांगल्या. "मागे! अजून मागे!" किंगा ओरडत राहिली, आणि बार्टोश लेकीसकट शेजाऱ्यांच्या कुंपणाला जाऊन टेकला.

गाडी बंद करून दोघं वाकले. सील पांढरंशुभ्र, कोरडं. ऑइलच्या टाकीच्या झाकणाखालून मात्र हादऱ्यांनी एक काळी रेघ निघाली होती, दोऱ्यासारखी बारीक. ती नळीवरून घसरत, सांगाड्याच्या कडेकडेने खाली आली होती आणि नेमकी सीलच्या शेजारी येऊन थेंब धरून बसली होती.

"झाकण," किंगा म्हणाली.

झेनॉननी झाकण फिरवून काढलं. आतला रबरी वायसर फुगून वेडावाकडा झालेला. "हे कसं झालं? गाडी चाकांवर नुसती उभी असली की ऑइल झाकणाला लागतंच कुठं…" बोलता बोलता ते थांबले.

"हिवाळाभर गाडी पुढची चाकं वर करून शेपटीवर उभी कुणी केली होती, बाबा?" कुंपणाकडून बार्टोश ओरडला. "आंबवलेल्या कोबीच्या पिंपाला जागा पाहिजे म्हणून?"

"मग पिंप काय डोक्यावर घेऊन फिरू?"

हत्यारांच्या डब्यातून नवा वायसर निघाला, झाकण बसलं, गाडी पुन्हा फुरफुरली. रेघ पुसून पुन्हा भुरभुरलेली पावडर पांढरीच राहिली. किंगाने कितीतरी वेळाने मोकळा श्वास घेतला.

झेनॉन पाना हातात धरून तसेच उभे होते. जेवायला बसावं आणि ताटच उचलून न्यावं, असा त्यांचा चेहरा. "तरी एकदा आतून बघितलेलं बरं," ते हळूच म्हणाले. "वरचं हेड तेवढं काढतो. चारच तर बोल्ट." आणि ते सीटच्या खिट्टीकडे वळले.

"बाबा," किंगा घाईने म्हणाली, "बाळाच्या गाडीचं मागचं चाक करकरतंय हो."

पाना हवेतच राहिला. "मागचं? डावं की उजवं?"

"कळत नाही. खोलल्याशिवाय कसं कळणार?"

थोड्याच वेळात ओसरीत वर्तमानपत्रं अंथरलेली होती, बाबागाडी चाकं वर करून पडली होती आणि झेनॉन शीळ घालत स्प्रिंगा मांडत होते. बार्टोश लेकीला घेऊन दबकत आला. "अगं, नवीकोरी गाडी ती. कुठं करकरतेय?"

किंगाने क्वाडची किल्ली काढून एप्रनच्या खिशात टाकली आणि हेल्काला कडेवर घेतलं.

"करकरेल आता," ती म्हणाली.